मदत हवी आहे : गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडताना बोअरचं पाणी कसं मोजायचं?

नमस्कार मंडळी. हिवरे बाजारसारखा पाण्याचा ताळेबंद आपल्याही गावात मांडायचा, असं ग्रामसभेत ठरलं आणि वही माझ्या गळ्यात पडली.

जमेची बाजू सोपी निघाली. एका हेक्टरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 10 हजार लिटर. आमचं शिवार 800 हेक्टरचं, म्हणजे दर मिलिमीटरला 80 लाख लिटर. पण त्यातलं मुरलं किती, वाहून गेलं किती?

खर्चाच्या बाजूला तर बोंबच आहे. विहिरी मोजता येतात. दोरीला दगड बांधून सोडतो, ओल्या खुणेवरून पातळी कळते. (पहिल्या दिवशी दगड सुटून विहिरीत गेला, पोरं अजून हसतात.) बोअरचं काय? कोणी खरी संख्याच सांगत नाही. विचारलं की, "का रं भाऊ, पट्टी लावायची का?"

भूजल विभाग निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये घेतो. आम्हीही तेच महिने धरलेत. पण मोटार बंद केल्यावर किती तासांनी मोजायचं? 800 हेक्टरला किती विहिरींची पातळी मोजली तर पुरेल? पीकपेऱ्यावरून उपशाचा अंदाज बांधला तर चालेल का, की ठिबकवाल्यांमुळे तो फसेल?

आणखी एक. ऊस कमी झाला, टँकर बंद झाला, हेही आकड्यांत धरावं असं मला वाटतं. कोणी असं केलं असेल तर वहीच्या पानाचा फोटो टाका ना.