साल्सा ऐकायला सांगताना प्रत्येक वेळी 'सिएम्ब्रा'च का?

तारसप्तक
साल्सा, म्हणजे लॅटिन अमेरिकी नाचाचं संगीत, कुठून ऐकायला सुरुवात करू असं कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: 'सिएम्ब्रा' ही रेकॉर्ड, विली कोलोन आणि रुबेन ब्लेड्स, १९७८. विचारणारा ती ऐकतो, तिच्यातलं 'पेद्रो नावाखा' गुणगुणतो आणि तिथेच थांबतो. ती काढणाऱ्या न्यूयॉर्कच्या फानिया कंपनीच्या चार-पाच रेकॉर्डी म्हणजेच अख्खा साल्सा, असा समज होऊन बसलाय.

माझ्या मते सुरुवात 'कॉन्सेप्ट्स इन युनिटी'पासून करावी. १९७५ची, साल्सोल कंपनीची. वाजवणारे ग्रुपो फोक्लोरिको इ एक्सपेरिमेंताल नुएवायोर्किनो. जेरी आणि अँडी गोन्सालेस या भावांच्या ब्राँक्समधल्या घरी, तळघरात जमून वाजवणाऱ्या मंडळींतून उभा राहिलेला हा ताफा. 'चोकोज ग्वाखिरा'मध्ये चोकोलाते आर्मेन्तेरोसचा ट्रंपेट ऐका. ठेका संथ, कसलीही घाई नाही. आणि त्याच रेकॉर्डवर 'कान्तो आसोयिन'सारखी देवाची गाणीही आहेत. आफ्रिकेतून क्युबात आलेले ढोल न्यूयॉर्कमध्ये नाचाच्या संगीताला कसे येऊन भिडले, ते इथे कानाला कळतं. ही रेकॉर्ड मागे पडली याचं मला खरंच वाईट वाटतं.

पायताल
अजिबात पटलं नाही. 'सिएम्ब्रा' नुसती गाजलेली नाही, ती मोठी आहे म्हणून गाजली. तिच्यातलं पहिलं गाणं 'प्लास्तिको' सुरू होतं तेव्हा वाटतं, चुकून डिस्को लागलं. मग तो ठेका बाजूला पडतो आणि साल्सा आत येतो. शेवटी लॅटिन अमेरिकेतल्या एकेका देशाचं नाव पुकारतात आणि कोरस शाळेतल्यासारखी हजेरी देतो. 'पेद्रो नावाखा' तर सात मिनिटांच्या वर आहे. रस्त्यावर दोघे एकमेकांना मारतात, आणि एक दारुडा पिस्तूल, सुरा आणि पैसे उचलून गात निघून जातो. इतकी कथा अंगावर घेऊनही पाय थांबत नाहीत. मी नाच शिकवतो. पहिल्याच दिवशी देवाच्या गाण्यांचे ढोल लावले तर नवखा माणूस दुसऱ्या दिवशी फिरकणार नाही.

सातासमुद्रापार
दोघांनीही १९७८च्या पुढे यावं, आणि न्यूयॉर्कच्या बाहेरही. कोलंबियात काली शहरातले लोक मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या तबकड्या ४५ फेऱ्यांच्या वेगाने फिरवून नाचायचे, त्यामुळे तिथल्या पायांचा वेगच वेगळा झाला. तिथल्याच बोगोता शहराचा 'ला ३३' हा बँड घ्या: ज्या रस्त्यावर तालीम करायचे त्याचंच नाव बँडला. त्यांनी 'पिंक पँथर'च्या सुरावटीचा मांबो, म्हणजे क्युबन नाचाचा एक प्रकार, केलाय. हे जिवंत बँड आहेत, आज वाजवतात. जुन्या तबकड्यांवरच बोट ठेवून बसलात तर यांच्या कार्यक्रमांना कोण जाणार?

तारसप्तक
नव्यांना माझा विरोध नाही. स्पॅनिश हार्लेम ऑर्केस्ट्रा मी आवडीने ऐकतो. पण तिचा प्रमुख ऑस्कर एर्नान्देस आधी ब्लेड्सच्या बँडचा पियानोवादक होता, आणि २००४च्या 'अक्रॉस ११०थ स्ट्रीट' या रेकॉर्डवर ब्लेड्स स्वतः गायलाय. म्हणजे नवं समजायलाही जुनं घराणं माहीत हवंच. आणि पायताल, कंटाळ्याचं म्हणाल तर आधी क्लावे ऐकायला शिकवा. दोन लाकडी दांडक्यांचे पाच ठोके, एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन. सगळं गाणं त्यावर टेकलेलं असतं. आपल्याकडे ठेका धरता आला की गाणं कसं उलगडतं, अगदी तसंच. नवख्याला बोटांनी टेबलावर तेवढे पाच ठोके धरता आले, तर तो ढोलांना घाबरणार नाही.

सातासमुद्रापार
घराण्याचं मान्य. पण घराणं शिष्यांमुळे टिकतं, म्हणून मी पैसे नव्या रेकॉर्डींवरच खर्च करणार.

पायताल
आज वर्गात पाच ठोक्यांच्या टाळ्या घेतल्या आणि मग तुमच्या 'कॉन्सेप्ट्स इन युनिटी'वरचं 'अनाबाकोआ' लावलं. सहा जोड्या होत्या, शेवटपर्यंत एकही थांबली नाही. एकीने तर गाण्याचं नाव वहीत लिहून घेतलं. तेवढ्यापुरते तुम्ही बरोबर. घरी ऐकायला मात्र मी त्यांना 'सिएम्ब्रा'च दिलीय.