मदत हवी आहे: तेलसाठ्यात खोलीनुसार मिथेन किती घटावं? माझा कोड फारच घटवतोय

नमस्कार मंडळी,

मी फोंड्याचा, केमिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. एकाच तेलसाठ्यात वरून खाली जाताना घटकांचं प्रमाण कसं बदलतं, हा माझा प्रोजेक्ट. गिब्जने १८७० च्या दशकात मांडलेली अट पायथनमध्ये बसवली आहे: खोली वाढली की प्रत्येक घटकाची फ्युगॅसिटी (म्हणजे मिश्रणातला त्याचा प्रभावी दाब) त्याच्या रेणुभारानुसार वाढते. इक्वेशन ऑफ स्टेट (दाब, तापमान आणि आकारमान जोडणारं समीकरण) पेंग-रॉबिन्सन, तापमान सगळीकडे १०० अंश सेल्सिअस, २५०० मीटरला दाब ३५० बार, तेलाची घनता ०.६५ ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर.

पहिली अडचण समजुतीची. सूत्राप्रमाणे मिथेनचीही फ्युगॅसिटी खाली वाढते. मग मिथेन खाली कमी का होतो? दुसरी अडचण उत्तराची. १०० मीटर खाली मिथेन अडीच टक्क्यांनी घटतो. आमचे सर म्हणतात, एवढा नको. मोल-अंशांची (रेणूंच्या संख्येत प्रत्येक घटकाच्या वाट्याची) बेरीज १ च्या वर जाते म्हणून शेवटी सगळ्यांना बेरजेने भागतो. आठवडाभर याच जागी अडकलोय, पावसात वीज जाते ती वेगळीच. कुणी वाट दाखवली तर फार उपकार होतील.

प्रतिसाद १

मी वास्कोचा, बरीच वर्षं ऑफशोअरला काढली. तुझ्या दोन्ही अडचणींचं मूळ एकच आहे: दाब.

बेरजेने भागतोस तिथेच चूक आहे. घटक जितके, तितकी फ्युगॅसिटीची समीकरणं. अज्ञात मात्र एक जास्त, कारण त्या खोलीचा दाबही अज्ञात आहे. 'बेरीज १' हे समीकरण दाब काढण्यासाठीच असतं. तू दाब ३५० वरच ठेवून ते समीकरण वाया घालवलंस.

आता मिथेन. १०० मीटर खाली दाब साधारण ६.४ बार वाढतो. तेलात विरघळलेला एक मोल मिथेन अंदाजे ५५ घनसेंटीमीटर जागा अडवतो. नुसत्या दाबानेच त्याची फ्युगॅसिटी सुमारे १.१ टक्के चढते, गुरुत्वाकर्षणाला हवी असते जेमतेम ०.५ टक्के वाढ. जास्तीची चढ उतरवायला त्याचं प्रमाणच घटतं. उलट ३०० रेणुभाराचा जड घटक घे: गुरुत्वाकर्षण मागतं ९.५ टक्के, दाब देतो ७ च्या आसपास, म्हणून त्याचं प्रमाण वाढतं. जाळ्याच्या वरच्या दोरीला तरंगे, खालच्या दोरीला शिसं, तसंच हे. मिथेन स्वतः १६ ग्रॅम, पण बाजूला सारतो ३६ ग्रॅम तेल. तो वर जाणारच. हे आकडे ढोबळ आहेत, मिश्रण आदर्श नसल्याने खरा उतार थोडा वेगळा येईल, पण कल कळतो.

नवा दाब आला की घनता गुणिले गुरुत्व गुणिले खोली या हिशेबाशी ताडून बघ. जुळला नाही तर पुढे जाऊ नकोस.

आणि वरच्या दिशेने जाताना प्रत्येक पायरीला मिकेलसनची १९८२ ची स्थिरता-चाचणी (तेल एकसंध टिकतं की त्यातून वायू वेगळा होतो ते तपासणारी) लाव. बबल पॉइंट (ज्या दाबाला तेलातून वायूचा पहिला बुडबुडा सुटतो तो) साठ्याच्या दाबाला भिडला की तो वायू-तेल संपर्क, म्हणजे दोघांची सीमा. तिथून वर समतोलातल्या वायूची घडण घेऊन हिशेब पुढे न्यायचा. नाहीतर सॉल्व्हर अस्तित्वातच नसलेलं तेल वर वर दाखवत राहतो, आणि आलेख इतका गुळगुळीत येतो की शंकाही येत नाही.

प्रतिसाद २ (धागाकर्ता)

दादा, खूप खूप आभार! दाब अज्ञात धरला आणि फरक ६.४ बारच आला. मिथेनची घट एका टक्क्याच्या आत आली.

एक शेवटचं विचारतो. सी-सेव्हन-प्लस (सात किंवा जास्त कार्बनचे सगळे जड घटक) मी एकच घटक धरलाय. त्याचे भाग पाडले तर खालच्या तेलाचा जडपणा बदलेल का?

प्रतिसाद ३

बदलेल, नक्की. एकाच सरासरी रेणुभारात सगळे जड घटक कोंबलेस तर सर्वांत जड रेणू तळाशी साचतात ते दिसणारच नाही. निदान तीन-चार भाग कर, आणि आधी ते प्रयोगशाळेतल्या बबल पॉइंटशी आणि घनतेशी जुळवून घे. ते जुळेपर्यंत खोलीच्या हिशेबाला हात लावू नकोस.