‘सिंटरिंग’ला मराठीत काय म्हणावे : भाजणे, तापपिंडन की आणखी काही?

विचारणा (राजारामपुरी, कोल्हापूर)

शिसेविरहित दाबविद्युत (म्हणजे दाबले की वीज निर्माण करणाऱ्या, ‘पिझोइलेक्ट्रिक’) सिरॅमिकवरील माझ्या प्रबंधाचा मराठी गोषवारा लिहिताना मी शीर्षकातच अडलो आहे. सिंटरिंगची, म्हणजे दाबलेली पूड तापवून घट्ट करण्याची, पद्धत बदलली की या पदार्थांचे गुणधर्म कसे बदलतात, हा माझा विषय. प्रयोगशाळेत आम्ही ‘पेलेट (पुडीची दाबलेली वडी) सिंटरिंगला लावली’ असेच म्हणतो. एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी ‘तापपिंडन’ हा शब्द सुचवला. आज काय केलेस असे आईने विचारले, तर मी ‘वड्या भाजल्या’ असे सांगतो आणि तिला तेवढे पुरते. छापील मजकुरात यांपैकी काय शोभेल?

प्रतिसाद १

आपल्या मातोश्रींना कळलेला शब्द सहज टाकून देण्याजोगा नाही. पूड दाबून केलेली वडी वितळणबिंदूच्या खाली तापवली असता कण वितळत नाहीत, तर ते एकमेकांना जिथे टेकलेले असतात तिथे अणू सरकत जाऊन जोड तयार होतो, तो रुंदावतो, मधल्या पोकळ्या आक्रसतात आणि वडी आकाराने लहान पण घट्ट होते. कुंभार आणि वीटभट्टीवाले याच कामाला पिढ्यान्‌पिढ्या भाजणे म्हणत आले आहेत, आणि कच्ची, पक्की व खंगर असे विटेचे तीन प्रकारही त्यांनी करून ठेवले आहेत. मूळ जर्मन ‘सिंटर’ तरी कुठे उच्चकुलीन आहे? भट्टीतल्या जळक्या खड्याला इंग्रजीत जो ‘सिंडर’ म्हणतात, त्याचाच तो भाऊबंद आहे.

पोटॅशियम-सोडियम नायोबेट या शिसेविरहित दाबविद्युत सिरॅमिकला तर ही कुंभाराची भाषा तंतोतंत लागू पडते. त्याची वडी सुमारे १,१०० अंश सेल्सिअसच्या आसपास पक्की होते. तापमान थोडे कमी पडले तर ती सच्छिद्र, म्हणजे कच्ची राहते आणि थोडे चढले तर वितळू लागते. त्यातच पोटॅशियम आणि सोडियम उडून जातात, म्हणून वडी त्याच पुडीत पुरून, ॲल्युमिनाच्या मुशीवर झाकण ठेवून भट्टीत सरकवावी लागते. हे प्रमाण बिघडले तर वडीत ओलावा शोषणारा भाग तयार होतो, आणि आपल्याकडच्या जुलै महिन्यात अशी वडी टेबलावर उघडी राहिली, तर तिच्या कडा बोटाला पिठासारख्या लागू लागतात. ‘नीट भाजली गेली नाही’ याहून नेमके वर्णन मला तरी सुचत नाही.

अडचण पुढे येते. याच नायोबेटची वडी साध्या भट्टीतून काढली तर तिचा दाबविद्युत गुणांक (ठरावीक बलाला किती विद्युतभार निघतो ते माप) सुमारे ८० पिकोकूलोम प्रति न्यूटन भरतो, आणि तापवताना वरून दाबही दिला तर तो सुमारे १६० होतो, हे १९६२ मध्येच प्रसिद्ध झाले होते. बेरियम टायटनेट या दुसऱ्या शिसेविरहित सिरॅमिकचा साधारण १९० असणारा गुणांक सूक्ष्मलहरींच्या (मायक्रोवेव्ह) भट्टीत ३५० पर्यंत गेल्याचे जपानी संशोधकांनी २००६ मध्ये दाखवले. तिथे तापणे झटपट होत असल्याने स्फटिककण फार वाढत नाहीत, आणि या पदार्थात बारीक कण फायद्याचे ठरतात. दोन्हीकडे वडी ‘भाजलेलीच’ आहे, पण गुणांक जवळपास दुप्पट. तेव्हा शब्द असा हवा की त्याच्यामागे पद्धतीचे विशेषण जोडता यावे. ‘सूक्ष्मलहरी भाजणी’ असे लिहिले, तर वाचकाला थालीपीठच आठवणार.

त्याहून मोठा आक्षेप असा की आपल्या प्रयोगशाळेत तीन गोष्टी भाजल्या जातात. कच्ची रसायने मिसळून प्रथम पूड भाजतात, मग वडी भाजतात आणि ठिणगी-प्लाझ्मा पद्धत (दाब आणि विद्युतप्रवाह देऊन झटपट तापवणे) वापरली असेल तर ग्रॅफाइटच्या साच्यात ऑक्सिजन गमावून काळवंडलेली वडी पुन्हा हवेत तापवतात. तिन्हींना ‘भाजणे’ म्हटले, तर गोषवारा वाचणाऱ्याने कोणते भाजणे समजायचे?

प्रतिसाद २ (शिरोली)

मी ओतकामाच्या कारखान्यात असतो, म्हणून एवढेच सांगतो की आमच्याकडे हा शब्द केव्हाच मराठी झाला आहे. इंडक्शन भट्टीला नवे अस्तर लावले की पहिल्या हीटला (धातू वितळवण्याच्या फेरीला) ‘लायनिंग सिंटर करून घे’ असे सांगितले जाते आणि नवखा पोरगाही ते करतो. घाई केली तर अस्तराला भेगा पडतात आणि धातू आत शिरतो, हे त्याला ठाऊक असते. त्याला ‘तापपिंडन कर’ म्हटले, तर तो माझ्या तोंडाकडे पाहत बसेल.

प्रतिसाद १ कडून पुन्हा

आपले म्हणणे मान्य आहे. ‘तापपिंडन’ला माझाही विरोध आहे, पण तो वेगळ्या कारणाने. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये मांडलेल्या शीत सिंटरिंगमध्ये थोडे पाणी किंवा तत्सम द्रव आणि भरपूर दाब यांच्या जोरावर ३०० अंशांच्या खालीच कण जोडले जातात. त्याला ‘शीत तापपिंडन’ म्हणायचे का? या प्रक्रियेचा गाभा ताप नसून सांधणे आहे. म्हणून मी ‘कणसांधणी’ असा शब्द सुचवतो.

प्रतिसाद २

साहेब, तो शब्द घाईत वाचला तर कणसांचा धनी वाटतो. निदान मध्ये एक आडवी रेघ तरी द्या.

प्रतिसाद १ कडून

रेघ दिली : ‘कण-सांधणी’. तरीही शीर्षकात ‘सिंटरिंग’च ठेवावे, पहिल्या परिच्छेदात ‘कण-सांधणी’ असा एकदा उलगडा करावा, आणि ‘भाजणे’ हे क्रियापद फक्त वडीसाठी राखून पुडीसाठी ‘कॅल्सिनेशन’ व नंतरच्या तापवण्यासाठी ‘अनीलन’ लिहावे, असे माझे मत आहे.

विचारणाकर्त्याकडून

आभारी आहे, शीर्षक तसेच करतो. एक शंका राहिली. काही जण ‘शिसेमुक्त’ लिहितात, ते चालेल का?

प्रतिसाद १ कडून

‘मुक्त’ म्हटले की आधी शिसे होते आणि मग ते काढून टाकले, असा भास होतो. बेरियम टायटनेटमध्ये ते कधी नव्हतेच, त्यामुळे आपला ‘शिसेविरहित’च बरोबर आहे.