पावसाळ्यापूर्वी छप्पर पूर्ण करायचे आहे. सॉफ्टवेअरमध्ये वेळापत्रक कसे मांडावे?

हर्णैकिनारा:
नमस्कार. दापोली तालुक्यात समुद्राजवळ एका पर्यटक निवासाचे बांधकाम आम्ही दिवाळीनंतर सुरू करत आहोत. जोते, चिऱ्याच्या भिंती, स्लॅब, त्यावर कौलारू छप्पर आणि मग आतली कामे असा क्रम असून मेअखेरीस छप्पर पूर्ण होणे आवश्यक आहे. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये प्रत्येक कामाच्या सुरुवातीची व शेवटची तारीख भरली आहे. परंतु जोत्याचे काम आठवडाभर लांबले असे धरून पाहिले, तर पुढची कामे जागची हलत नाहीत. शिवाय पावसाळा, शिमगा आणि गणपती या आराखड्यात नेमके कुठे दाखवावेत?

चिरेबंदी:
तारखा भरणे हेच मूळ दुखणे आहे. २०१० च्या आवृत्तीपासून या सॉफ्टवेअरमध्ये नवे काम मुळातच ‘मॅन्युअल’ पद्धतीने नोंदले जाते आणि असे काम आधीचे काम लांबले तरी आपली तारीख सोडत नाही. सर्व कामे ‘ऑटो’ करावीत. त्यानंतरही सुरुवातीची तारीख हाताने लिहिली, तर ‘या तारखेपूर्वी सुरू करू नये’ असे बंधन आपोआप लागते. मग आधीचे काम लवकर संपले तरी पुढचे काम अलीकडे येत नाही. म्हणून फक्त कालावधी आणि कोणते काम कोणत्या कामानंतर, एवढेच सांगावे. तारखा सॉफ्टवेअरला काढू द्याव्यात. छपरासाठी मेअखेरची तारीख ‘डेडलाइन’ या रकान्यात लिहावी. ती कामाला जखडत नाही, पण ओलांडली गेली की खूण दिसते.

खाडीपलीकडे:
वरील उत्तराशी सहमत आहे, मात्र कोकणात खरी कसोटी कॅलेंडरची असते. जून ते सप्टेंबर संपूर्ण प्रकल्पाला सुट्टी दिली, तर आतला गिलावा, वायरिंग आणि फरशी हीसुद्धा उगाच ऑक्टोबरमध्ये ढकलली जातात. उघड्यावरच्या कामांसाठी वेगळे ‘पावसाळी’ कॅलेंडर करून ते फक्त त्याच कामांना लावावे. सणांचे तसे नाही. गणपतीला गवंडी, सुतार, प्लंबर सगळेच आपापल्या गावी जातात, त्यामुळे ती सुट्टी मूळ कॅलेंडरमध्येच हवी, आणि तिथी दर वर्षी हलत असल्याने पंचांग पाहून भरावी. शिमगा अधिक अडचणीचा, कारण तो ऐन हंगामात येतो आणि पालखीचे दिवस गावागणिक निराळे असतात. त्यासाठी प्रत्येक टोळीच्या मुकादमाला आधी विचारून त्या टोळीचे स्वतंत्र कॅलेंडर करणे उत्तम. बाहेरच्या जिल्ह्यातील कामगार असतील, तर हिशेब पुन्हा बदलतो.

हर्णैकिनारा:
आभारी आहे. स्लॅबला पाणी मारण्याचे आणि टेकू ठेवण्याचे दिवस कसे दाखवावेत? त्या दिवसांत गवंडी मोकळा असतो, पण वरचे काम सुरू करता येत नाही.

चिरेबंदी:
ते काम म्हणून दाखवू नये. स्लॅब आणि पुढचे काम यांच्या जोडणीत ‘लॅग’ (दोन कामांमधील थांबण्याचा अवधी) म्हणून द्यावे. काँक्रीट रविवारीही घट्ट होत असते, म्हणून लॅगपुढे रोमन लिपीत ‘ईडी’ हे एकक लिहावे, म्हणजे सुट्ट्याही मोजल्या जातात. काँक्रीटच्या कामाचे भारतीय मानक आयएस ४५६ नुसार साध्या पोर्टलँड सिमेंटच्या स्लॅबखालचे टेकू, गाळा (दोन आधारांमधील अंतर) साडेचार मीटरपर्यंत असल्यास किमान ७ दिवस आणि त्याहून मोठा असल्यास १४ दिवस ठेवावे लागतात. मिश्र सिमेंट (राख किंवा स्लॅग मिसळलेले) वापरणार असाल, तर टेकूंचा अवधी आपल्या अभियंत्याकडून ठरवून घ्यावा. अशा सिमेंटला पाणी मात्र किमान १० दिवस मारायचेच आहे.

खाडीपलीकडे:
एक राहिले. काम सुरू होण्याआधी ‘बेसलाइन’ (तुलनेसाठी मूळ आराखड्याची प्रत) जतन करावी आणि दर आठवड्याला प्रत्यक्ष सुरुवात व उरलेला कालावधी भरावा. केवळ ‘साठ टक्के झाले’ ही नोंद फसवी असते, कारण भिंतीचे वरचे थर परांची बांधून चढवायचे असतात आणि तिथे वेग मंदावतो. ‘क्रिटिकल टास्क्स’ हा पर्याय निवडला, की क्रिटिकल पाथवरची, म्हणजे लांबली तर सारा प्रकल्पच लांबेल अशी, कामे लाल रंगात दिसतील. फेब्रुवारीत त्या लाल साखळीवरचे काम मागे पडलेले दिसले, तर जादा टोळी तेव्हाच ठरवता येते. एप्रिलमध्ये आंब्याच्या हंगामात माणसे मिळणे कठीण होते.