पित्ताच्या गोळीची जादा स्ट्रिप आहे का?

देशपांडे काका (३०२): कोणाकडे पित्ताच्या गोळ्यांची जादा स्ट्रिप आहे का? मेडिकल बंद आहे. दोन महिने रोज एक घेतो, त्याशिवाय जेवण जात नाही.

शिंदे वहिनी (१०१): काका, ओवा-सैंधव पाठवू का?

निखिल (४०३): आमसुलाचं सार 👍

मीनल (५०४): स्ट्रिप देते काका. पण दोन महिने रोज? दाखवलंत का कोणाला?

देशपांडे काका: त्यात काय दाखवायचं? पित्त आहे. वडिलांनाही होतं.

मीनल: सासूबाईंचं असंच झालं म्हणून विचारते. गुडघ्यासाठी रोज पेनकिलर घ्यायच्या, वर पित्ताची गोळी. मग जिना चढताना दम लागायला लागला, आम्ही म्हटलं वय झालं. शौचाला डांबरासारखं काळं, चिकट होतंय हे त्यांनी लाजेपायी सांगितलंच नाही. हिमोग्लोबिन ७! पोटाच्या डॉक्टरांनी दुर्बीण टाकली, तर जठरात अल्सर. तिथून रोज थोडं थोडं रक्त जात होतं.

शिंदे वहिनी: अगं बाई, माझंही काळं होतं! लोहाच्या गोळ्या चालू आहेत.

मीनल: लोहाने होतं तसं वहिनी. तरी डॉक्टरांच्या कानावर घाला.

जोशी सर (२०१): दुर्बीण म्हणजे भूल वगैरे?

मीनल: नाही हो सर. रात्री जेवून सकाळी उपाशी गेलो. घशात बधिर करायचा फवारा मारला, करंगळीपेक्षा बारीक नळी, दहा मिनिटांत बाहेर. उमासे आले तेवढेच. आतला चिमूटभर तुकडा तपासायला घेतला, त्यात हेलिकोबॅक्टर नावाचा जंतू निघाला. १४ दिवस अँटिबायोटिक.

निखिल: अल्सर करणारा हाच तो जंतू! ऑस्ट्रेलियाच्या डॉ. बॅरी मार्शलनी १९८४ मध्ये स्वतः पिऊन बघितला होता. २००५ ला नोबेल. आणि आपण अजून मिसळीला शिव्या घालतोय.

डॉ. अश्विनी (६०२): मी दातांची डॉक्टर, तरी लिहिते. साध्या जळजळीला फॅमिली डॉक्टर पुरतात. पण घास अडकतोय, न ठरवता वजन उतरतंय, शौचातून रक्त किंवा काळं जातंय, तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघालं, उलट्या थांबत नाहीत, डोळे पिवळे दिसतात, यातलं एक जरी असेल तर गॅस्ट्रोकडे, म्हणजे पोटाच्या डॉक्टरांकडे जाच. पन्नाशीनंतर पोट साफ व्हायची पद्धत अचानक बदलली तरीही. लिव्हर, पित्ताशय, स्वादुपिंडही तेच बघतात. गोळीने जळजळ थांबते, दुखणं झाकलं जातं. आणि रक्ताची उलटी झाली, किंवा छातीत जळजळीबरोबर घाम आणि जबडा-हात दुखायला लागला, तर ओपीडीची वाट बघू नका, सरळ कॅज्युअल्टी.

जोशी सर: गॅस्ट्रो म्हणजे सर्जनच ना?

डॉ. अश्विनी: नाही सर. एमडी मेडिसिननंतर डीएम ही पुढची पदवी करतात ते. औषधं आणि दुर्बीण त्यांच्याकडे. कापाकापी गॅस्ट्रो सर्जनकडे, तीही लागलीच तर.

देशपांडे काका: वजन उतरणं म्हणजे किती?

डॉ. अश्विनी: का काका?

देशपांडे काका: पट्टा दोन भोकं आत गेलाय. मला वाटलं सकाळच्या चालण्याने.

मीनल: काका, चालता तुम्ही बाकापर्यंत 🙏

देशपांडे काका: बरं. नंबर मला पर्सनलवर टाक. हिला उगाच टेन्शन नको.

देशपांडे काकू (३०२): मी याच ग्रुपवर आहे. मीनल, नंबर मलाच पाठव. अपॉइंटमेंट सकाळचीच मिळते का बघ.