परसातील उतारावर दोन मीटर उंचीची आधारभिंत: मागे चिकणमाती भरावी का?

प्रश्न:
आमच्या घरामागची जमीन घराच्या दिशेने उतरत येते. तेथे दोन मीटर उंचीची दगडी आधारभिंत बांधून वर सपाट जागा करण्याचा विचार आहे. भिंत पुरेशी जाड असली की निचऱ्याची वेगळी सोय लागत नाही आणि खणलेली चिकणमातीच मागे भरता येते, असे गवंडी सांगतात. हे योग्य आहे का?

उत्तर १:
कृपया तसे करू नका. वाळूमिश्रित मातीचा आडवा दाब तिच्या उभ्या दाबाच्या साधारण एक तृतीयांश असतो, पाणी मात्र सर्व दिशांना सारखाच दाब देते. त्यामुळे भिंतीमागे वरपर्यंत पाणी साचले की एकूण रेटा दुपटीहून अधिक होतो. चिकणमाती तर पाणी धरून ठेवते आणि भिजल्यावर फुगतेही. म्हणून भिंतीच्या पाठीला लागून किमान ३०० मिलिमीटर रुंदीचा खडीचा थर द्या, खडीत माती शिरू नये यासाठी मध्ये जिओटेक्स्टाइल कापड लावा आणि तळाशी छिद्रांचा पाइप टाकून त्याचे तोंड मोकळ्या जागेत काढा. भिंत सिमेंटमध्ये बांधणार असाल, तर तिच्यातही निचऱ्याची छिद्रे ठेवा. खणलेली चिकणमाती सर्वांत वरच्या थरासाठी वापरता येईल, कारण तेथे पाणी मुरू न देणे हेच हवे असते.

उत्तर २:
निचऱ्याबाबत पूर्ण सहमत आहे, परंतु मला उंचीची अधिक काळजी वाटते. भिंत उलथवणारा जोर उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे एक मीटरच्या भिंतीपेक्षा दोन मीटरच्या भिंतीवर तो आठपट असतो. जागा असल्यास एक-एक मीटरच्या दोन भिंती बांधा, मात्र वरची भिंत खालच्या भिंतीपासून किमान दोन मीटर मागे घ्या, नाहीतर तिचा भार खालचीवर येईल. पाया भरावावर न घेता मूळ घट्ट जमिनीत घ्या.

प्रश्नकर्ता:
दोन टप्प्यांएवढी जागा आहे. मग अभियंत्याला न विचारता काम सुरू करता येईल का?

उत्तर २:
नाही. खाली घर आहे आणि दोन टप्पे केले तरी संपूर्ण उतार एकत्र घसरण्याची शक्यता उरतेच, त्यामुळे माती तपासून आराखडा करून घ्या. खोदकाम कोरड्या हंगामात, लहान लहान तुकड्यांत करा, आणि निचऱ्याचे पाणी घराच्या पायाकडे न जाता बाजूने वाहून जाईल, हे त्या आराखड्यातच ठरवून घ्या.