शब्दचर्चा : 'पुरेल' की 'झेपेल'? पॉवर सप्लायच्या निमित्ताने

गेले काही दिवस दोन क्रियापदं डोक्यातून जात नाहीत. पुरणे आणि झेपणे.

भाच्याने गेमिंगसाठी कॉम्प्युटर जुळवला. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०७०, प्रोसेसर रायझन ७ ५८००एक्स. पॉवर सप्लाय, म्हणजे भिंतीतली वीज कॉम्प्युटरच्या भागांना देणारा डबा, मात्र जुन्या कॉम्प्युटरमधला काढून लावला, ५५० वॅटचा. लावण्याआधी त्याने मला फोनवर हिशोब ऐकवला होता : "मामा, कार्ड २२० वॅट, प्रोसेसर जास्तीत जास्त १४२. झाले ३६२. म्हणजे १८८ उरतात. पुरेल ना?" मीही म्हणालो, पुरेल की.

नाही पुरला. डेस्कटॉपवर तासन्‌तास काही होत नसे. गेम सुरू करून पाच-दहा मिनिटं झाली, की पडदा काळा, पंखे बंद, आणि क्षणात मशीन पुन्हा सुरू. निळा पडदा नाही, कुठलीही सूचना नाही. त्याने विंडोज दोनदा नव्याने टाकलं, रॅमच्या पट्ट्या काढून पुन्हा बसवल्या. शेवटी मी गेलो, झाकण उघडलं आणि पॉवर सप्लायच्या अंगावरचं लेबल मोबाइलच्या उजेडात वाचलं. वर ठळक अक्षरांत ५५०. खाली बारीक तक्ता : ३.३ व्होल्टला २८ अँपिअर, ५ व्होल्टला ३०, आणि १२ व्होल्टलाही २८. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. १२ गुणिले २८, ३३६. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही आपली वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. म्हणजे भाच्याने ज्याला ५५० धरलं होतं, तो त्या दोघांच्या दृष्टीने ३३६चाच होता. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांत बसलेले, जिथे आजच्या गेमिंग मशीनला फारशी गरजच नसते.

घरी परत येताना वाटलं, चूक बेरजेत नव्हती, शब्दात होती. 'पुरवठा' म्हटलं की आपल्याला साठा दिसतो. टाकीत ५५० होते, ३६२ काढले, १८८ उरले. पॉवर सप्लायमध्ये असा साठा नसतोच. भिंतीतून येणारी प्रत्यावर्ती (एसी) वीज तो दिष्ट (डीसी) करतो, तिचा दाब उतरवतो आणि मागणी येईल तसतशी त्या त्या क्षणी पुढे देतो. त्याच्या अंगावरचा आकडा म्हणजे तो किती भार पेलू शकतो त्याची हद्द. मग विचारायला हवं होतं, "त्याला झेपेल का?"

आपल्याला काय वाटतं? या ठिकाणी 'पुरणे' हा शब्द चुकीचाच मानायचा का?

प्रतिसाद

निरीक्षण आवडलं. यात शाळेच्या पुस्तकातली एक जोडी जोडाविशी वाटते : शक्ती आणि ऊर्जा. आपण बोलताना दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो. विज्ञानाच्या पुस्तकात ऊर्जा म्हणजे एकूण किती, आणि शक्ती म्हणजे दर सेकंदाला किती. वॅट हे शक्तीचं एकक आहे, एका सेकंदाला एक ज्यूल. बिलावरचं युनिट हे ऊर्जेचं एकक, एक किलोवॅट-तास.

मराठीत यासाठी आयता, रुळलेला शब्द आहे, अश्वशक्ती. पाच अश्वशक्तीची मोटार म्हटल्यावर तिच्यातले घोडे संपतील असं कोणालाही वाटत नाही. ती किती ओझं ओढेल तेवढंच डोळ्यांसमोर येतं. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट. ७५० वॅटचा पॉवर सप्लाय म्हणजे एका घोड्याच्या ताकदीचा, असं मी मुलांना सांगते. चटकन कळतं.

साठ्याच्या कल्पनेतून दुसराही एक गैरसमज येतो. "७५० वॅटचा लावला तर बिल जास्त येईल." येत नाही. कॉम्प्युटर ३०० वॅट मागत असेल तर मोठा सप्लायही ३००च देतो, आणि भिंतीतून घेताना त्यावर थोडे जास्त घेतो. इथे लोकांच्या तोंडी असलेला 'ओढणे' हा शब्द अगदी योग्य आहे. "कार्ड किती वॅट ओढतं?" ओढणारं कार्ड असतं, सप्लाय ढकलत नाही.

प्रतिसाद

थोडा मतभेद नोंदवतो. 'पुरणे' म्हणजे फक्त साठा पुरणे नव्हे. "हात पुरत नाही", "दोरी पुरत नाही", "वरच्या मजल्याला पाण्याचा दाब पुरत नाही", "मागच्या रांगेपर्यंत आवाज पुरला नाही". यांत कुठे साठा आहे? इथे पुरणे म्हणजे पोचणे, गरजेइतकं असणे. दाबाचं उदाहरण तर विजेच्या फार जवळचं आहे. व्होल्टेजला आपण दाबच म्हणतो, उच्चदाब वाहिनी म्हणतो. मग "५५० वॅट पुरत नाहीत" हे निर्दोष मराठी आहे. त्या बिचाऱ्या क्रियापदाला आरोपी करू नये.

प्रतिसाद (धागाकर्ता)

हे पटलं. "दाब पुरत नाही" माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. भाच्याचं वाक्य आता पुन्हा आठवून पाहिलं, तर घोळ 'पुरेल'मध्ये नाही, त्याच्या आधीच्या शब्दात आहे : "१८८ उरतात." उरणे हे मात्र खरोखर साठ्याचं क्रियापद आहे. दोरी पुरली तर उरू शकते. आवाज पुरला तर उरत नाही. तिथे आपण 'उरला' असं म्हणतच नाही. म्हणून माझी सूचना सुधारतो : पॉवर सप्लाय पुरू दे, न पुरू दे, पण त्याचे वॅट उरतात असं म्हणू नये.

'झेपणे'कडे माझा ओढा तरीही आहे, कारण ते क्रियापद भार वाहणाऱ्याच्या बाजूने बोलतं. "त्याला हे काम झेपत नाही" म्हटलं की एखादा वाकलेला, घामाघूम माणूस दिसतो. न झेपणारा पॉवर सप्लायही तसाच वागतो. तापतो, पंखा जोरात फिरवतो, १२ व्होल्टचा दाब घसरतो (एटीएक्स या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायच्या मानकाच्या जुन्या आवृत्त्यांनुसार तो पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे ११.४ ते १२.६ व्होल्टमध्ये राहायला हवा), आणि शेवटी त्याची संरक्षक यंत्रणा सगळं बंद करते. चांगला असेल तर बंद करते. स्वस्तातला असेल तर ती यंत्रणा असेलच याची खात्री नाही, आणि मग तो जाताना बोर्डाला बरोबर घेऊन जाऊ शकतो.

प्रतिसाद

पॉवर सप्लाय घेताना हिशोबाच्या वर थोडी जागा ठेवतात, तिला चांगला शब्द सुचवा. 'अतिरिक्त क्षमता' फार सरकारी वाटतं.

प्रतिसाद

वाव. "थोडा वाव ठेवून घ्या."

प्रतिसाद

'वाव' छान आहेच. पण मी शिवणकाम करते, त्यामुळे मला लगेच 'माया' आठवली. कपडा बेतताना शिवणीच्या आत जे कापड जास्तीचं ठेवतो ती माया. ते कापड उरलेलं नसतं, मुद्दाम सोडलेलं असतं, आणि अंगाला आलं की उसवून तेच कामाला येतं. वरच्या चर्चेत 'उरणे' नको म्हणालात, त्यावर हा उतारा होऊ शकेल. "हिशोब ४०० वॅटचा, माया धरून ५५०."

माया किती सोडायची हे कापडावर ठरतं. सुती आटतं म्हणून त्याला जास्त. तसं इथे कशावर ठरतं?

प्रतिसाद

माया! हा शब्द मी आजपासून वापरणार. ताईंच्या प्रश्नाचं उत्तर : उसळीवर ठरतं.

ग्राफिक्स कार्डाच्या पेटीवरचे २२० वॅट हा सरासरीचा आकडा असतो. एका सेकंदाचे हजार तुकडे केले तर त्यांतल्या एखाद्या तुकड्यात कार्ड त्याच्या कितीतरी वर उडी मारतं आणि लगेच खाली येतं. या प्रकाराला मी 'उसळी' म्हणतो. 'लाट' म्हणणारे भेटतात, पण लाट सावकाश चढते. घरातल्या साध्या वीजमापकावर उसळी दिसतही नाही. भाच्याचं मशीन डेस्कटॉपवर नीट आणि गेममध्ये पडतं, ते बहुधा याच उसळ्यांनी. तिथे हद्दच ३३६ची असेल, तर एक उसळी पुरे झाली.

मानक बनवणाऱ्यांनीही हे मान्य केलं. २०२२च्या एटीएक्स ३.० मानकात, नव्या १६ पिनांच्या जोडणीचा मोठा पॉवर सप्लाय असेल तर त्याने १०० मायक्रोसेकंदांपुरता स्वतःच्या आकड्याच्या दुप्पट भार सोसला पाहिजे, अशी अट आली. सोसणे. हाही शब्द यादीत घ्या. सतत पेलायचं ते झेपणे, क्षणभर अंगावर घ्यायचं ते सोसणे.

मी स्वतः कार्ड आणि प्रोसेसर यांची बेरीज करतो, बोर्ड-पंखे-डिस्क यांचे ७५ ते १०० धरतो, आणि त्यावर एक तृतीयांश माया सोडतो. भाच्याच्या मशीनला हे ४५०च्या आसपास, माया धरून ६०० होतात. कार्ड बनवणाऱ्या कंपनीची ३०७०साठीची शिफारस ६५०ची आहे. ती कोणत्याही प्रोसेसरला चालावी म्हणून मोकळ्या हाताने दिलेली असते. फार मोठं कार्ड असेल तर मात्र हिशोब नव्याने करा. आरटीएक्स ४०९० एकटंच ४५० वॅटचं आहे आणि त्याला किमान ८५०ची शिफारस आहे.

प्रतिसाद

आणखी एक गोंधळ मांडतो : क्षमता आणि कार्यक्षमता. पेटीवर '८० प्लस गोल्ड' लिहिलेलं असतं आणि लोक म्हणतात, "गोल्ड आहे, जास्त क्षमतेचा आहे." क्षमता म्हणजे किती भार पेलेल. कार्यक्षमता म्हणजे भिंतीतून घेतलेल्यापैकी किती वीज कामी येते आणि किती नुसत्या उष्णतेत जाते. २००४ साली सुरू झालेली ८० प्लस ही खूण फक्त दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलते. ११५ व्होल्टवरच्या चाचणीत गोल्डला निम्म्या भारावर किमान ९० टक्के कार्यक्षमता लागते. कॉम्प्युटर ४०० वॅट मागत असेल तर ९० टक्केवाला भिंतीतून सुमारे ४४४ घेतो, ८० टक्केवाला ५००. तेवढाच फरक. ४५० वॅटचा गोल्ड हा ४५० वॅटचाच.

दोन्ही शब्दांत 'क्षमता' आल्यामुळे हा घोटाळा मराठीत जास्त होतो. बोलताना मी कार्यक्षमतेला 'काटकसर' म्हणतो. शास्त्रीय लेखनात चालणार नाही, पण ग्राहकाला लगेच समजतं.

'नामांकित वॅट' हा प्रयोगही एका भाषांतरात पाहिला. नामांकित म्हणजे मराठीत नावाजलेला, नामांकित डॉक्टर, नामांकित शाळा. वॅट कसे नावाजलेले असतील? 'लेबलवरचे वॅट' म्हणावं, काही अडत नाही.

प्रतिसाद

दुरुस्तीवाले याला एसएमपीएस म्हणतात, गेम खेळणारी मुलं पीएसयू म्हणतात. दोन वेगळ्या वस्तू आहेत का?

प्रतिसाद (धागाकर्ता)

वस्तू एकच. एसएमपीएस म्हणजे स्विच्ड मोड पॉवर सप्लाय, हे काम करण्याच्या पद्धतीवरून पडलेलं नाव. आतले ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात, म्हणून ट्रान्सफॉर्मर लहान राहतो. टीव्हीतही असतो, मोबाइलच्या चार्जरमध्येही त्याच पद्धतीचं मंडल असतं. पीएसयू, म्हणजे पॉवर सप्लाय युनिट, हे कॉम्प्युटरच्या भागाचं नाव. 'वीजपुरवठा' मात्र टाळावं. "कॉम्प्युटरचा वीजपुरवठा गेला" म्हटलं की ऐकणारा आधी घरातले दिवे बघतो.

प्रतिसाद

पुरणे-झेपणे झालं, आता 'बसणे' आणि 'जुळणे' यांकडे लक्ष द्या, कारण इथे शब्दाच्या चुकीने वस्तू जळते.

काही पॉवर सप्लायच्या वायरी सुट्या असतात, हव्या तेवढ्या लावायच्या. त्यांची कार्डाकडची आणि डिस्ककडची टोकं सगळीकडे सारखी. पण जे टोक पॉवर सप्लायमध्ये जातं त्याचं मानक नाही. कुठल्या पिनेवर १२ व्होल्ट, कुठल्या पिनेवर ५, हे प्रत्येक कंपनी आपलं ठरवते. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही ते वेगळं असू शकतं. माझ्या एका मित्राने जुन्या सप्लायची वायर नव्याला लावली. खट्‌कन बसली. सुरू करताच दोन हार्ड डिस्का गेल्या, एकीत त्याच्या मुलीचे लहानपणापासूनचे फोटो होते. तो आजही म्हणतो, "पण बसली होती ना!" बसली होती, जुळली नव्हती. बसणे हे आकाराचं, जुळणे हे आतल्या रचनेचं.

हा फरक आपल्या भाषेत मुळातच आहे. अंगरखा बसतो, पत्रिका जुळते. कॉम्प्युटरबद्दल बोलताना तो पाळू या.

प्रतिसाद (धागाकर्ता)

भाच्यासाठी परवा नवा पीएसयू घेतला, ७५० वॅटचा. या वेळी आधी लेबल वाचलं : १२ व्होल्टला ६२ अँपिअर, म्हणजे ७४४ वॅट, जवळजवळ सगळी ताकद हवी तिथे. त्याला ६५०ही झेपला असता, पण पुढे कार्ड बदलायची त्याची इच्छा आहे म्हणून माया जरा जास्त सोडली. परवापासून मशीन एकदाही पडलेलं नाही.

पण वरचा प्रतिसाद वाचून छातीत धस्स झालं. दुसरी डिस्क लावायची म्हणून त्याने काल मित्राकडून एक जादा वायर आणली आहे, दुसऱ्याच पीएसयूची. "मामा, बसते, बघितलं लावून," असं म्हणाला होता. बटण दाबलेलं नसावं अजून. आधी त्याला फोन करतो, मग इथे परत येतो.